वायर काढून ठेवलेली प्रत

पिंपळगाव बसवंतला मी व्यापाऱ्यांची खाती लिहितो. दिवसा टोमॅटोच्या गाळ्यावर, संध्याकाळी कांद्याच्या खळ्यांवर. त्यातल्या एका खळ्यावर लाल कांद्याच्या ऐन हंगामात, डिसेंबरमध्ये, संगणकातल्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी. शेठ शांतपणे म्हणाले, "बॅकअप आहे ना?" होता. पण ती हार्डडिस्क संगणकाला कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली.

शिरकाव झाला तो दुरून संगणक चालवायच्या सोयीतून. दुरुस्तीवाल्याने ती चालू करून दिली होती, नंतर कोणी बंद केली नाही. पासवर्ड म्हणजे पेढीचे नाव आणि पुढे १२३.

बाहेर ट्रॅक्टर उभे, आणि शेतकऱ्याचा चुकारा काही थांबवता येत नाही. तारले ते हिशेबपट्ट्यांच्या कार्बन प्रतींनी. शिवाय ऑडिटसाठी सीएंकडे सप्टेंबरमध्ये दिलेला पेनड्राइव्ह तिथल्या कपाटात तसाच पडून होता. सप्टेंबरनंतरचे सगळे पट्ट्या आणि बँकेचे उतारे समोर ठेवून पुन्हा चढवले. कांद्याची धूळ बसलेल्या पट्टीवर तीन आहे की आठ, यावरून रात्री वाद व्हायचे. खंडणी दिली नाही.

"आपल्या खळ्याकडे कोण बघतंय?" असे इथे सर्रास म्हणतात. कोणाला बघावे लागतच नाही. २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस पसरला, तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्याच समूहाचे न्हावा-शेव्यातले टर्मिनल ठप्प झाले. आमच्या निफाड तालुक्यातली द्राक्षे आणि कांदा ज्या बंदरातून जातो, तेच हे बंदर. पैसे भरले तरी फायली सुटण्याची सोय त्या व्हायरसमध्ये नव्हतीच. मर्स्कच्या संगणक जाळ्यातल्या वापरकर्त्यांची यादी ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती! लोडशेडिंगला शिव्या घालत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे सांगायला मला फार आवडते.

म्हणून आता मी दोन हार्डडिस्क घ्यायला लावतो. आज एक जोडायची, उद्या दुसरी. काम झाले की काढायची, आणि एक नेहमी घरच्या कपाटात. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या शेतकऱ्याचे खाते शेवटच्या नोंदीपर्यंत पाहायचे. हे कोणी करत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. दुरुस्तीवाल्याचे काम संपले की दुरून चालवायची सोय त्याच्यासमोरच बंद करून घ्या.

ज्याला पैसे पाठवायचे आहेत त्याचा 'आमचे बँक खाते बदलले' असा मेल आला, तर त्यातल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. बँक उघडायची वाट पाहू नका.

आणि प्रत्येक दिवाणजीला वेगळे लॉगिन द्या. त्याने काम सोडले की त्याच संध्याकाळी ते बंद करा. आपल्याकडे दिवाणजी काम सोडतो म्हणजे बहुतेक वेळा समोरच्याच गाळ्यात जाऊन बसतो.