कचेरीतील केरसुणी कोणाच्या हाती?

पाचसात माणसांच्या लहानशा कचेरीत झाडलोट कोणी करावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु लेखणी श्रेष्ठ आणि केरसुणी हलकी, ही आपली जुनी समजूत त्यामागे दडलेली असते.

गांधीजींनी १९०४ साली आपला छापखाना डर्बनजवळच्या फिनिक्स येथे हलविला, तेव्हा वर्ण वा देश न पाहता प्रत्येकास दरमहा तीन पौंड वेतन ठरविले. पुढे १९१० मध्ये स्थापलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर नोकर असा कोणी नव्हताच; स्वयंपाकापासून मैलासफाईपर्यंत सारी कामे तेथील रहिवासीच करीत. आपल्या कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले, ते त्यांना नाकारण्यात आले. त्या प्रश्नावर खुद्द गांधीजींनी येरवड्यात उपवास केला.

मात्र ही सर्व मंडळी स्वेच्छेने वाकली होती, हे विसरू नये. आज्ञा करणारा स्वतः ताठ उभा राहील, तर तीच झाडलोट वेठ ठरेल. म्हणून पाळी लावावयाची तर पहिले नाव मालकाचे असावे आणि वेळ कामाच्या तासांतलीच धरावी. चहाची भांडी नेमकी नव्या पोराच्या किंवा एकट्या स्त्रीच्या वाट्याला येतात, ती पाळी नव्हेच! शिवाय, ज्याचे पोट सफाईवर चालते त्याचा पगार वाचविण्यासाठी ही योजना काढणे, हा तर निव्वळ कंजूषपणा.

आपल्या वर्गातही फळा पुसण्याच्या पाळ्या असतात. वर्गनायकाचे नाव त्या यादीत आहे काय, ते एकदा पाहावे.