घटक ३ : इंग्रजी वाक्यातील पदक्रम

उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• मराठी व इंग्रजी वाक्यरचनेतील मूलभूत फरक स्पष्ट करता येईल.
• नित्य व्यवहारातील साधी इंग्रजी वाक्ये योग्य पदक्रमाने रचता येतील.

प्रास्ताविक
‘मला इंग्रजी येत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यालाही बस, तिकीट, बिल, डॉक्टर, ऑफिस असे अनेक इंग्रजी शब्द ठाऊक असतात. त्याची अडचण शब्दांची कमी आणि वाक्यातील त्यांच्या जागेची अधिक असते. म्हणून या घटकात पदक्रमाचा विचार करावयाचा आहे.

३.१ प्रत्यय आणि जागा
‘रामाने गोविंदाला बोलावले’ आणि ‘गोविंदाला रामाने बोलावले’ या वाक्यांत क्रम बदलला, तरी कोणी कोणाला बोलावले हे बदलत नाही. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय ते सांगतात. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. कालांतराने ते बहुतांशी लोप पावले. ‘ही’ म्हणजे तो आणि ‘हिम’ म्हणजे त्याला, अशा सर्वनामांत त्यांच्या खुणा उरल्या आहेत. नामांच्या बाबतीत मात्र आता जागाच अर्थ ठरवते. ‘राम कॉल्ड गोविंद’ आणि ‘गोविंद कॉल्ड राम’ यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. मराठीचा सामान्य क्रम कर्ता–कर्म–क्रियापद, तर इंग्रजीचा कर्ता–क्रियापद–कर्म असा आहे : ‘मी चहा पितो’ – ‘आय ड्रिंक टी’.

३.२ कर्त्याची जागा
‘उद्या येईन’ या वाक्यात ‘मी’ अध्याहृत राहू शकतो. क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. इंग्रजी ‘विल कम’वरून येणारा कोण ते कळत नाही, म्हणून ‘आय विल कम टुमारो’ असे म्हणावे लागते. ‘पाऊस पडतो आहे’ यासाठी ‘इट इज रेनिंग’ म्हणतात. येथील ‘इट’ला स्वतंत्र अर्थ नाही, तो केवळ कर्त्याची जागा भरतो.

३.३ ‘मला’ने आरंभ होणारी वाक्ये
ज्याला अनुभव येतो, त्याला मराठीत अनेकदा ‘ला’ प्रत्यय लागतो. इंग्रजीत बहुधा तोच कर्ता होतो.
• मला भूक लागली आहे – आय ॲम हंग्री
• मला दोन मुले आहेत – आय हॅव टू चिल्ड्रन
• मला चहा आवडतो – आय लाइक टी

परप्रांतात मुलगी आजारी पडली, तर डॉक्टरांना एवढेच सांगावे : ‘माय डॉटर हॅज अ फीवर. इट स्टार्टेड टू डेज अगो.’ लांब वाक्य जुळवण्यापेक्षा अशी दोन छोटी, योग्य क्रमाची वाक्ये अधिक उपयोगी पडतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
इंग्रजीत रूपांतर करा : (१) मला वेळ नाही. (२) तिला तहान लागली आहे. (३) आम्ही मराठी बोलतो.
उत्तरे : (१) आय डोंट हॅव टाइम. (२) शी इज थर्स्टी. (३) वुई स्पीक मराठी.

सारांश
मराठीत प्रत्यय जे कार्य करतात, ते इंग्रजीत प्रामुख्याने जागा करते. वाक्य रचताना प्रथम कर्ता निश्चित करावा, त्यापुढे क्रियापद ठेवावे आणि उरलेली पदे नंतर घ्यावीत.

सरावासाठी स्वाध्याय
आपल्या दिनक्रमावर दहा मराठी वाक्ये लिहा, प्रत्येकातील कर्ता अधोरेखित करा आणि मग ती वाक्ये इंग्रजीत लिहून मोठ्याने वाचा.