दातांवरील किटण आणि एक गैरसमज

दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. त्यामुळे ठणका लागेपर्यंत दंतवैद्याची पायरी न चढण्याची अनेकांची रीत असते. या समजात तथ्य किती, हे पाहणे इष्ट ठरेल.

दातांवर जीवाणूंचा चिकट थर सतत जमत असतो. घासताना तो जेथे राहून जातो, तेथे लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात मुरतात आणि साधारणतः दोन आठवड्यांच्या आत त्याचे टणक किटण बनते. लाळग्रंथींची तोंडे जवळ असल्याने खालच्या पुढील दातांच्या आतील बाजूस ते विशेष साचते. मग ब्रशने ते निघत नाही. मशेरी ही तर जाळलेली तंबाखूच. तिने लाभ नाही, अपाय मात्र निश्चित.

सफाईपूर्वी दंतवैद्य दात व हिरडी यांमधील फटीची खोली खुणांच्या बारीक सळईने मोजतात. ती ३ मिलिमीटरपर्यंत असल्यास सामान्यतः निरोगी समजतात. नंतर सेकंदाला सुमारे २५ ते ३० हजार वेळा कंप पावणाऱ्या टोकाने किटण फोडले जाते. टोक तापू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो. शेवटी रबरी टोपीने दात घासून गुळगुळीत करतात. या सर्वांस बहुधा अर्धा ते पाऊण तास लागतो. मधुमेह, हृदयातील कृत्रिम झडप किंवा रक्त पातळ करणारे औषध असल्यास तसे आधीच सांगावे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

आता मूळ शंका. किटण साचून राहिले की हिरडी सुजते आणि पुढे दातास धरून ठेवणारे हाड झिजू लागते. अशा सैल दातांना किटणच एकमेकांशी जखडून ठेवते. ते निघताच फटी जिभेला जाणवतात व दोष सफाईच्या माथी येतो. वस्तुतः तो विलंबाचा असतो. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. उरलेले मात्र राखता येते.

सफाईनंतर एक-दोन दिवस किंचित रक्त येणे, काही दिवस थंड पदार्थ झोंबणे यांत घाबरण्याजोगे काही नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही ही सोय आहे. दात हलण्याची वाट न पाहता तिचा लाभ घेणे, हेच शहाणपणाचे होय.