संविधानाची शिकवणी लावताना

लॉच्या सेमिस्टरचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. कॉन्ट्रॅक्टमध्ये चांगले गुण आहेत, फॅमिली लॉ निघाला, पण संविधानाच्या पेपरला केटी लागली. मुलगी अभ्यासू आहे, अनुच्छेद तोंडपाठ आहेत, तरी असं का झालं? आणि लगेच पुढचा प्रश्न: एखादा चांगला क्लास सांगा ना, फी कितीही असू दे.

क्लास लावायच्या आधी ही केटी कशामुळे लागली ते पाहायला हवं. संविधानाचा मजकूर तसा अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्याभोवती पंचाहत्तर वर्षांत साचलेलं न्यायालयांचं लेखन. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद 21 एका वाक्यात संपतो. 1950 मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ अगदी आखडता घेतला होता: कायदा आहे, त्याप्रमाणे अटक झाली, विषय संपला. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात त्या विचाराला तडा गेला. 1978 मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की नुसती कायद्याने ठरवलेली पद्धत पुरत नाही, ती पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मान्य केला, त्यातही याच अनुच्छेदाचा आधार होता. गाईडमध्ये ही चारही नावं सापडतात. परीक्षेत मात्र विचारलं जातं की कोर्ट पहिल्यापासून चौथ्यापर्यंत कसं आणि का पोचलं. ते पाठ करून लिहिता येत नाही, आणि मुलं अडतात ती इथेच.

म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे. संविधानाचा चांगला शिक्षक म्हणजे जो तुमच्या मुलाला निकालपत्र वाचायला लावतो आणि उत्तर लिहायला लावतो. जो फक्त सुरेख नोट्स देतो, त्याच्यापेक्षा ग्रंथालयात जागा मिळवलेली बरी.

शोध सुरू करताना परीक्षा कोणती हे आधी ठरवा. इथे पालकांची बरीच गल्लत होते. यूपीएससी-एमपीएससीसाठी राज्यव्यवस्था शिकवणारे सर लोकप्रिय असतात, त्यांचं शिकवणंही उत्तम असतं, पण त्यांचा भर घटनात्मक संस्था आणि त्यांची रचना यांवर असतो. एलएलबीच्या पेपरला खटल्यांतला युक्तिवाद लागतो. एलएलएमच्या प्रवेशासाठी क्लॅट पीजी द्यायची असेल तर त्यात संविधानाचा वाटा मोठा असतो आणि उताऱ्यावर आधारित वाचन लागतं. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची घाई मात्र दुसऱ्या वर्षाच्या मुलाला करू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा लोकसेवा आयोगाची ताजी जाहिरात वाचल्याशिवाय लाखाची फी भरण्यात अर्थ नाही. आणि बार कौन्सिलच्या अखिल भारतीय परीक्षेत कायद्याचा नुसता मजकूर असलेला बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतो. अनुच्छेदांचे आकडे घोकण्याला किती महत्त्व द्यायचं, हे त्यावरूनच समजावं.

शिक्षक शोधायला लांब जावं लागत नाही. पहिलं दार कॉलेजचंच ठोठावा. वर्गात प्रश्न विचारायला लाजणारी मुलं तास संपल्यावर स्टाफरूममध्ये गेली, तर बहुतेक प्राध्यापक पंधरा मिनिटं आनंदाने देतात, आणि त्या पंधरा मिनिटांना पैसे पडत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे मूट कोर्टमध्ये घटनेच्या विषयावर बोललेले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी किंवा एलएलएम करणारी मुलं. त्यांनी हे सगळं नुकतंच वाचलेलं असतं, कुठे अडतं ते त्यांना आठवत असतं, आणि त्यांनाही चार पैसे मिळतात. तिसरा मार्ग म्हणजे हायकोर्टात रिट याचिकांचं काम करणारे तरुण वकील. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला असाल तर असं कोणी भेटणं सोपं आहे. त्यांच्याकडे वेळ कमी असतो, पण अनुच्छेद 226 ची याचिका प्रत्यक्षात कशी लिहिली जाते हे ते दाखवतात. तेवढ्या एका बैठकीने रिटचे पाच प्रकार डोक्यात पक्के बसतात. मोठ्या क्लासचा विचार मी शेवटी करीन, कारण शंभर मुलांच्या बॅचमध्ये तुमच्या मुलीची उत्तरपत्रिका कोणी ओळीने वाचणार नाही.

आता पारख कशी करायची? पैसे ठरवण्याआधी एक तास बसून बघा. शिक्षकांना नम्रपणे म्हणा, "सर, ऑल्गा टेलिस खटला शिकवाल का?" हा मुंबईचाच खटला आहे आणि त्यात शिक्षकाची तयारी लगेच दिसते.

1981 च्या जुलैत तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवायची घोषणा केली. भर पावसात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. गाईडमध्ये त्यातली एकच ओळ असते: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ओळ बरोबर आहे. साधारण शिक्षक ती लिहून देतात, खाली रेघ मारायला सांगतात आणि पुढच्या खटल्याकडे वळतात.

चांगला शिक्षक तिथे थांबतो आणि विचारतो, "मग खटला जिंकलं कोण?" मुलं पटकन सांगतात, फुटपाथवरचे लोक. निकालपत्राची शेवटची पानं उघडली की ती गप्प होतात. कोर्टाने हक्क मान्य केला, पण अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314 वैध ठरवलं. फुटपाथ लोकांना चालण्यासाठी आहेत, तिथे घर करून राहण्याचा हक्क कोणाला नाही, असं म्हटलं. हटवण्याची कारवाई पावसाळा उलटेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, थांबवली. 1976 च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. तत्त्व पुढे गेलं, ते मांडणाऱ्यांना फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मिळाला नाही. हे दोन्ही एकाच निकालात कसं बसतं, हा खरा प्रश्न आहे. त्यावर मुलगी दहा मिनिटं बोलली की गोपालन ते मनेका हा प्रवास तिला न शिकवताही समजू लागतो: हक्क आहे म्हणजे तो कधीच काढता येत नाही असं नाही, तो काढण्याची पद्धत वाजवी हवी.

याच तासात शिक्षकांनी एक काल्पनिक प्रॉब्लेम दिला पाहिजे. समजा, एका नगरपालिकेने आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांना नोटीस न देता हटवलं. सल्ला द्या. मुलगी ऑल्गा टेलिस लिहील, अनुच्छेद 19 मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य लिहील. कलम 314 खाली नोटीस टाळणं हा अपवाद असावा, नेहमीची रीत नव्हे, असं कोर्टाने म्हटलं होतं; तो मुद्दा तिने पकडला तर उत्तम. आणि 2014 पासून पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, याची आठवण शिक्षकांनी स्वतःहून करून दिली, तर हा माणूस हातचा जाऊ देऊ नका. उत्तर लिहून झाल्यावर ते समासात खुणा करतात का, "इथे कारण कुठे आहे?" असं विचारतात का, की नुसते दहापैकी सहा देऊन वही परत करतात, तेही बघा.

जुन्या नोट्सवर चालणारे शिक्षक ओळखायलाही एक प्रश्न पुरतो. अनुच्छेद 39(ख) मध्ये समाजाची भौतिक साधनसामग्री असं म्हटलंय, त्यात खासगी मालमत्ता येते का? मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या वादातून हा मुद्दा नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बहुमताने ठरलं की प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात मोडत नाही. जो शिक्षक आजही सगळी मालमत्ता त्यात येते असं ठामपणे लिहून देईल, त्याने बऱ्याच दिवसांत नवं काही वाचलेलं नाही. घरातला बेअर अ‍ॅक्टही तपासा. 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती, म्हणजे लोकसभेत आणि विधानसभेत महिलांसाठी राखीव जागा, त्यात नसेल तर नवी प्रत आणा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यांचा अडथळा अनेकदा बुद्धीचा समजला जातो आणि तो असतो इंग्रजी वाक्यांचा. निकालपत्रातलं एकेक वाक्य आठ-दहा ओळींचं असतं. पहिल्या पानावर मूल दमतं आणि गाईडकडे वळतं. अशा मुलासाठी मराठीतून समजावणारा शिक्षक हवा, पण समजावून झाल्यावर मूळ इंग्रजी परिच्छेदाकडे परत नेणाराच हवा. सुप्रीम कोर्टाने अनेक निकालांचे मराठी अनुवाद आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. अनुवाद आणि मूळ शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचली, तरी एका सत्रात फरक दिसतो. अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो, म्हणून दोन्ही हवेत. पेपर मराठीतून लिहिता येतो का, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमात आधीच पाहून ठेवा.

पैशाबद्दल स्पष्ट बोला, त्यात संकोच नको. फी महिन्याची ठरवा, वर्षाची एकदम भरू नका, आणि पावती मागा. मोठा क्लास असेल तर मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी घ्या. शंभर टक्के निकालाची हमी देणारी जाहिरात दिसली तर तिथूनच परत फिरा; अशा फसव्या दाव्यांना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्येच काढल्या आहेत. "मोस्ट आयएमपी" प्रश्नांचा संच विकणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. एकाला परवडत नसेल तर तिघी मैत्रिणी मिळून शिक्षक लावा. संविधानाच्या अभ्यासाला वाद घालायला कोणीतरी लागतंच, त्यामुळे तिघींचा गट एकटीच्या शिकवणीपेक्षा अनेकदा चांगला चालतो.

मोबाइलवरच्या एआयला विचारून अभ्यास करणारी मुलं आता घरोघरी आहेत. अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला त्याची मदत होते. पण ते नसलेले खटलेही खऱ्यासारखे रचून देतं, म्हणून त्याने सांगितलेलं प्रत्येक नाव ई-एससीआर या सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या पोर्टलवर शोधून खात्री करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पालकांनो, घरी रोज "किती अनुच्छेद झाले?" असं विचारू नका. जेवताना विचारा, "आज कुठला खटला वाचलास? भांडण कशाचं होतं?" मूल तुम्हाला ते तुमच्या भाषेत सांगू शकलं, तर शिकवणी लागू पडते आहे. दीड महिना झाला तरी ते नुसतं "खूप मोठं आहे, तुम्हाला नाही समजणार" म्हणत असेल, तर शिक्षकांशी बोला, आणि गरज पडली तर बदला.

गावात, तालुक्याला कोणीच मिळालं नाही तरी वाट बंद होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांची सुनावणी सप्टेंबर 2022 पासून थेट दाखवली जाते. संविधान सभेतल्या चर्चा इंटरनेटवर मोफत वाचता येतात. एम. पी. जैन किंवा व्ही. एन. शुक्ला यांचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात असतंच. आठवड्याला एक खटला घ्या, त्याची तथ्यं, कोर्टापुढचा प्रश्न, निकाल आणि कारणं एका पानात स्वतःच्या शब्दांत उतरवा, आणि ते पान पंधरा दिवसांनी एकदा कॉलेजमधल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. पहिल्या आठवड्यात ऑल्गा टेलिसच घ्या, दुसऱ्या आठवड्यात मनेका गांधी. केशवानंद भारतीला लगेच हात घालू नका. तेरा न्यायाधीशांनी 1973 मध्ये लिहिलेला तो निकाल शेकडो पानांचा आहे आणि तो वाचायला आधीचे निदान दहा खटले हाताखालून गेलेले असावे लागतात.