‘व’ आणि ‘ब’

फळ्यावर ‘व’ लिहून त्याच्या पोटांत एक तिरपी रेघ ओढली कीं त्याचा ‘ब’ होतो. ती रेघ उभी नाहीं, आडवी नाहीं, तिरपीच आहे, हें आपणांस क्षणांत कळतें. तें कसें कळतें?

सन १९५८ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल हे शास्त्रज्ञ मांजराच्या मेंदूंतील दृष्टिक्षेत्राचें परीक्षण करीत होते. कांचपट्टीवरील ठिपके गुंगींतील मांजराच्या डोळ्यांपुढें दाखविले, तरी एक मज्जापेशी स्तब्धच राहिली. परंतु कांचपट्टी यंत्रांत सरकवितांना तिच्या कडेची पुसट सावली मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावरून गेली, आणि ती पेशी एकाएकीं जागी झाली! तिला ठिपका नको होता. विशिष्ट दिशेची रेघ हवी होती. दृष्टिविषयक शोधांबद्दल ह्या दोघांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पेशीला ही पारख कोठून येते? त्यांचें म्हणणें असें कीं, तिला संदेश देणाऱ्या पेशींचीं क्षेत्रें एका ओळींत असतात. त्या ओळीच्या दिशेची रेघ आली म्हणजे त्या सर्व मिळून तिला चेतवितात. परंतु किंचित् वेगळ्या दिशेची रेघही त्यांतील कांहींना चेतविणारच. मग गोंधळ कां होत नाहीं?

मेंदूच्या बाहेरील थरांतील सुमारें एक पंचमांश पेशी शेजारच्या पेशींस चेतवीत नाहींत, आवरून धरतात. हें कार्य त्या ‘गाबा’ नामक द्रव्याच्या द्वारें करितात. १९७५ सालीं सिलिटो ह्या शास्त्रज्ञानें मांजराच्या दृष्टिक्षेत्रांत औषध सोडून गाबाचा प्रभाव थांबविला, तेव्हां अनेक पेशींची पारख मंदावली; कित्येक तर कोणत्याही दिशेच्या रेघेस उत्तर देऊं लागल्या. उलट १९९४ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं एकेका पेशीपुरताच निरोध थांबविला, तेव्हां तिची पारख बहुतांशीं टिकली.

ह्याचा अर्थ वर्गाच्या उदाहरणानें ध्यानांत येईल. एकाच मुलाचा संयम सुटला तरी पाठ चालतो. पण साऱ्या वर्गाचा सुटला, तर बरोबर उत्तरही ऐकूं येत नाहीं. पेशींची जुळणी दिशा ठरविते, आणि आसपासच्या पेशींचा निरोध ती स्पष्ट राखतो. दोहोंचा वांटा नेमका किती, ह्याचा शोध अद्यापि चालू आहे.

म्हणून ‘ब’ वाचतांना ध्यानांत ठेवा कीं, कांहीं पेशी बोलल्या, तसेंच पुष्कळशा गप्प राहिल्या, म्हणूनच तो ‘व’ दिसला नाहीं.