घरातील सामना आणि दुकानाचा हिशोब

विश्वचषक जवळ आला की बाजारात लगबग सुरू होते. खेळ दूर कुठे तरी मैदानावर होतो, पण त्याचा खरा बाजार भरतो तो घराघरांतील टीव्हीपुढे. वाकोल्यासारख्या दाट वस्तीत एका खोलीत घरची पाच-सहा माणसे बसतात आणि दारात शेजारची मुले उभी राहतात. या बाजारात आपले व्यापारी व कारागीर बंधूही उतरतात. कोणी टीव्ही विकतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी भिंतीवर लावून देतो, कोणी जर्सी शिवतो, तर कोणी रात्री सीख-कबाब व चहाची गाडी लावतो. यात काहींच्या रोजीत बरकत होते आणि काहींचे भांडवल अडकते. असे का होते, याचा आज आपण थोडा अभ्यास करू.

घराचा बाजार कसा झाला?

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला आशियाई खेळ झाले. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवले आणि क्रिकेट घराघरांत शिरले. १९९२ च्या विश्वचषकात रंगीत कपडे आणि प्रकाशझोतातील सामने दिसले. त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लोगल्ली केबलवाले आले. प्रक्षेपणाच्या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला.

या प्रत्येक टप्प्यावर कारागिराचे काम बदलले. आधी छपरावरचा अँटेना बसवणे, मग पिक्चर ट्यूबच्या संचाची दुरुस्ती, मग केबलची वायर, मग डिश, आणि आता बॅकलाइटची पट्टी बदलणे व भिंतीवर ब्रॅकेट ठोकणे. ज्याने वेळेवर पुढचे काम शिकून घेतले त्याचे दुकान चालू राहिले. जो पिक्चर ट्यूबवरच थांबला त्याच्याकडे गिऱ्हाईक येईनासे झाले.

मालाचे दोन प्रकार

स्पर्धेच्या काळातील धंद्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग आपल्या संघाच्या विजयावर अवलंबून असतो. जर्सी, झेंडे, टोप्या, खेळाडूंची छायाचित्रे ही त्याची उदाहरणे. दुसरा भाग स्पर्धा होण्यावर अवलंबून असतो, विजयावर नव्हे. टीव्हीची दुरुस्ती, जोडणी, स्टॅबिलायझर, सुतारकाम, खाद्यपदार्थ हे त्यात येतात. स्पर्धेपूर्वी दुरुस्त केलेल्या टीव्हीची मजुरी कारागिराच्या हाती पडलेली असते. मग संघ जिंको अथवा हरो.

हा फरक न ओळखल्यामुळे काय होते, ते २००७ साली दिसले. वेस्ट इंडीजमधील तो विश्वचषक १३ मार्च ते २८ एप्रिल असा चालला. भारत १७ मार्चला बांगलादेशाकडून व २३ मार्चला श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. स्पर्धेचा एक महिन्याहून अधिक काळ बाकी होता, पण संघाच्या नावावर चालणाऱ्या मालाचा हंगाम तिथेच संपला. उलट २०११ साली २ एप्रिलला आपल्याच वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला आणि तोच माल शेवटच्या दिवसापर्यंत खपण्याजोगा राहिला. २०२३ साली भारताने अंतिम फेरीपूर्वीचे सर्व दहा सामने जिंकले, पण १९ नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हार झाली. 'आता विजय नक्की' असे समजून शेवटच्या आठवड्यात माल भरणाऱ्याने त्यापासून धडा घ्यावा.

एक हिशोब

समजा, एका शिलाई कारखानदाराने ३०० जर्सी आधीच शिवून ठेवल्या. एका जर्सीस खर्च १४० रुपये, म्हणजे एकूण ४२,००० रुपये. विक्रीचा भाव २२० रुपये. सर्व माल खपला तर ६६,००० रुपये येतील व नफा २४,००० होईल. पण १२० जर्सी विकल्यावर संघ बाहेर पडला, तर आले २६,४००. उरलेल्या १८० जर्सी ६० रुपयांनी काढल्या, तर १०,८००. एकूण ३७,२००, म्हणजे ४,८०० रुपयांचा तोटा. कापड उधारीवर आणले असेल तर व्यापाऱ्याचा तगादा वेगळाच.

आता दुसरी रीत पाहू. कारखानदाराने १०० जर्सी शिवल्या आणि बाकीचे कापड न कापता ठेवले. संघ बाहेर पडला तरी त्या १०० विकल्या जाऊन ८,००० रुपये नफा होतो. न कापलेल्या कापडाचे शाळेचे पी. टी.चे कपडे होऊ शकतात. संघ पुढे गेला तर दोन रात्रीत कापून शिवता येते. पहिल्या रीतीत मोठ्या नफ्याची आशा आहे, पण घरखर्चाचा पैसा अकरा खेळाडूंच्या हाती दिला जातो. दुसऱ्या रीतीत नफा कमी वाटला तरी भांडवल आपल्या हाती राहते. लहान कारागिरासाठी दुसरी रीतच योग्य, असे आम्हांस वाटते.

लिहून ठेवणे

मंडळांच्या, क्लबांच्या ऑर्डरी तोंडी घेतल्या जातात आणि मग भांडणे होतात. ऑर्डर घेऊन वस्तू बनवून देण्याच्या व्यवहारास फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यात कापड, माप, रंग, नग, किंमत व देण्याची तारीख स्पष्ट ठरली पाहिजे. बयाणा घेतल्याची पावती द्यावी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनीही कोणता भाग बदलला, किती दिवसांची हमी दिली, हे बिलावर लिहावे. सामन्याच्या रात्री टीव्ही बंद पडला तर तेच बिल उपयोगी पडते.

टीव्ही हप्त्यावर विकताना रोखीचा भाव व हप्त्याचा भाव यांपैकी एक भाव सौद्याच्या वेळीच पक्का करावा. हप्ता उशिरा आला म्हणून रक्कम वाढवू नये, कारण तो व्याजाचाच दरवाजा आहे. 'शून्य टक्के व्याज' अशा जाहिरातींनाही भुलू नये. अशा योजनांत व्याज इतर आकारांत दडवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

जुगार दुकानात शिरू नये

सामन्यावर पैज लावणे हराम आहे, हे आपण सारे जाणतो. सूरह माइदामध्ये शराब व जुगार यांचा एकत्र निषेध आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा मंजूर केला. तरीही मोबाइलवरचा 'संघ बनवा, पैसे जिंका' हा खेळ आपल्या कामगार मुलांपर्यंत पोहोचला होता, हे विसरता येणार नाही. मालकाने आठवड्याचा पगार देताना याबद्दल दोन शब्द जरूर बोलावेत.

जुगाराचे एक छुपे रूप व्यापाऱ्याच्याही हातून घडते. 'भारत जिंकल्यास अर्धे पैसे परत' अशी योजना लावली की वस्तूची किंमत सामन्याच्या निकालावर लटकते. सौद्याच्या वेळी किंमतच अनिश्चित राहिली तर त्यात 'गरर' येतो. अशी योजना लावण्यापूर्वी जाणकार आलिमांना विचारावे. सूट द्यायचीच असेल तर सर्वांना सरळ द्यावी.

कायद्याच्या तीन गोष्टी

पहिली, पडदा लावून, पैसे घेऊन लोकांना सामना दाखवणे हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण हक्काचा भंग आहे. घरची जोडणी घरासाठीच वापरावी. दुसरी, क्रिकेट मंडळाचे अथवा स्पर्धेचे नोंदलेले बोधचिन्ह परवान्याशिवाय छापू नये. साधी निळी जर्सी शिवण्यास हरकत नाही. तिसरी, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिरंगा पॉलिएस्टरचा व यंत्रावर शिवलेला चालतो, पण त्यावर अक्षरे अथवा खेळाडूचे नाव छापणे नियमात बसत नाही.

वेळेची शिस्त

फुटबॉलचा विश्वचषक बहुधा जून-जुलैत, ऐन पावसाळ्यात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाल्याच्या परिसरातील दुकानदारांनी टीव्हीचे खोके जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत, हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील २०२६ च्या स्पर्धेचा कालावधी ११ जून ते १९ जुलै असा आहे. तिथल्या दुपारी आपल्याकडे रात्र असते. रात्रभर जागलेला कारागीर फजरला उठत नाही आणि सकाळी मशीनवर बसला तर सुई बोटात जाण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी काम दुपारी सुरू करावे व तितके तास संध्याकाळी भरून घ्यावेत. कामगार खूश राहतो आणि कामही बिघडत नाही.

सूरह जुमुआच्या अखेरीस तिजारत व करमणूक यांचा उल्लेख एकत्र आला आहे, आणि अल्लाहजवळ जे आहे ते या दोहोंपेक्षा चांगले असल्याचे सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये नमाजनंतर पृथ्वीवर पसरून रोजी शोधण्याचीही आज्ञा आहे. म्हणजे धंदा करावा, पण अजान झाली की दुकानाचे शटर आणि टीव्ही दोन्ही बंद व्हावेत.

स्पर्धा येतील आणि जातील. व्यापारी बंधूंनी प्रत्येक स्पर्धेपूर्वी वही उघडून आपला कोणता माल विजयावर टांगलेला आहे आणि कोणता आपल्या मेहनतीवर उभा आहे, हे दोन रकान्यांत लिहावे. पहिला रकाना लहान व दुसरा मोठा असेल, तर संघ हरला तरी घरची चूल विझणार नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.