स्पीकर मोजण्याआधी माइकची पातळी नीट लावा



नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे. त्याला जोडून घरच्या स्पीकरचं मापन हा छान प्रकल्प होतो. लॅपटॉप, माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. पण आलेख वेडावाकडा आला की मुलं लगेच स्पीकरला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष असतो तो माइकमधून आत येणाऱ्या आवाजाच्या पातळीत.

मापट्याचं उदाहरण घ्या. मापटं काठोकाठ भरल्यावर वरून कितीही धान्य ओता, माप तेवढंच राहतं. डिजिटल ध्वनिमुद्रणात हा काठ म्हणजे 0 डीबीएफएस. त्यापुढे लहरीचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. 1000 हर्ट्झचा शुद्ध सूर वर-खाली सारखाच कापला गेला, तर त्यात 3000, 5000 हर्ट्झचे सूर मिसळतात. स्पीकरने ते वाजवलेलेच नसतात! आणि कापलेला भाग नंतर आवाज कमी करून परत मिळत नाही. उलट पातळी फारच खाली ठेवली, तर पंख्याची घरघर मापात शिरते.

कृती :

1. पंखा, खिडक्या बंद करा. माइक हातात न धरता स्पीकरपासून 1 मीटरवर स्टँडला लावा.
2. माइकची पातळी आपोआप बदलणारी आणि गोंगाट गाळणारी सेटिंग बंद करा.
3. चाचणीचा सूर अगदी हळू सुरू करून थोडा थोडा वाढवा. कानाला बोचेल इतका नको. त्याने ट्विटरही बिघडू शकतो.
4. सर्वांत उंच माथा उणे 12 डीबीएफएसच्या आसपास येईल असा गेन लावा. दर 6 डेसिबलला लहरीची उंची सुमारे दुप्पट होते. म्हणजे वर चौपटीची मोकळीक राहते.
5. दोन स्पीकरची तुलना पूर्ण होईपर्यंत गेनला हात लावू नका.

पडताळा : सॉफ्टवेअरमधून सूर 6 डेसिबलने कमी करून पुन्हा मोजा. आलेख सगळीकडे 6 डेसिबलनेच उतरला पाहिजे. कमी उतरला, तर एक तर आधी साखळीत कुठेतरी काठ गाठला होता, नाही तर आता गोंगाट मापात आला. मग सूर न वाजवता नुसती खोली मोजायला सांगा. दोन्हींपैकी खरं कारण कोणतं, ते मुलांना स्वतःच सांगू द्या.